हातमोजे नंतर घ्या, आधी स्टार्टर उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठी वडिलांचा बर्फाचा कारखाना आहे. आता तुम्ही बघता. मागच्या महिन्यात बर्फ फोडायच्या क्रशरखालच्या कन्व्हेयरची चेन सैल झाली होती. लाईट गेली होती, तेवढ्यात हेल्परने चेन ओढून घ्यायला हात घातला, लाईट आली आणि त्याची दोन बोटं चेन आणि दातेरी चाकाच्या मध्ये गेली. आता सगळ्यांना चांगल्यातले हातमोजे घ्यायचेत, तर कुठले घ्यावेत? आणि घेऊन दिले तरी ही माणसं घालत नाहीत, त्यावर काय करावं?

हातमोज्यांचं सांगतो, पण शेवटाकडे. कारण तुमच्या प्रश्नात खरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘लाईट आली आणि’. लाईट आल्यावर मशीन आपोआप का फिरलं? चांगल्या स्थितीतलं, नीट वायरिंग केलेलं मशीन लाईट आल्यावर उभंच राहायला हवं. कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत त्याने हलता कामा नये. तुमचं हललं. म्हणजे तिथे त्या दिवशी जगातला सगळ्यात महाग हातमोजा असता तरी तो बोटांसकट आत गेला असता.

मी मेंटेनन्समध्ये तेहतीस वर्षं काढली. लोट्याच्या एमआयडीसीत फिटर म्हणून सुरुवात केली, मग बर्फाचे कारखाने, मासळी प्रक्रिया, आंब्याच्या पल्पची लाइन. माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेला शेवटचं पेर नाही, त्याची गोष्ट पुढे येईल. तेव्हा हे लांबून उपदेश करणाऱ्याचं उत्तर नाही.

आधी स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करायची पेटी. साध्या बटणाच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचची, कॉइल ओढली जाते आणि त्याच कॉन्टॅक्टरचा एक छोटा होल्डिंग कॉन्टॅक्ट कॉइलला धरून ठेवतो. बटण सोडलं तरी मोटर चालू राहते ती त्यामुळे. लाईट गेली की कॉइल सुटते, होल्डिंग सुटतं, आणि लाईट परत आली तरी कोणीतरी पुन्हा बटण दाबल्याशिवाय काही होत नाही. ही सुरक्षितता त्या शे-दोनशे रुपयांच्या कॉन्टॅक्टमध्ये फुकट मिळालेली आहे. आपण ती काढून टाकतो. कशी? बटणाच्या जागी फिरवायचा स्विच बसवतो, की एकदा ‘ऑन’ केला की ऑनच. किंवा शेतीपंपाला लावतात तसा ‘ऑटो’ बसवतो, म्हणजे रात्री लाईट आली की कोणी उठायला नको. ॲजिटेटरला (टाकीतलं मिठाचं पाणी ढवळणारा पंखा), पाण्याच्या पंपाला हे लावलेलं मी समजू शकतो. पण एकदा पॅनेलमध्ये ऑटो आला की वायरमन सोयीसाठी शेजारचं मशीनही त्यावरच जोडून देतो. आणि आपल्याकडची खारी हवा वेगळीच. हिरवं बटण गंजून दाबलेल्या अवस्थेतच अडकलेलं मी दोनदा पाहिलंय. बघणाऱ्याला वाटतं बटण ठीक आहे.

तेव्हा उद्याच हे करा. क्रशर आणि कन्व्हेयर पूर्ण रिकामे, सगळी गार्ड जागेवर, सगळी माणसं लांब. मशीन चालू करा. मग वायरमनला मेन स्विच पाडायला सांगा. क्रशरचा दातेरी ड्रम पूर्ण थांबू दे. मग मेन परत टाका. काहीही फिरलं, तर तुमच्या हेल्परची बोटं कोणी नेली ते कळलं. क्रशर, कन्व्हेयर, होइस्ट (डबे उचलायची क्रेन), पंप, सगळ्यांवर एकेक करून हीच परीक्षा घ्या.

एक चोरवाट अजून आहे. मोटरवर लोड आला की ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. त्या रिलेवर एक बारीक खटका असतो, ‘ऑटो’ किंवा ‘हँड’ असा. तो ऑटोवर असेल आणि मशीन फिरवायच्या स्विचवर असेल, तर बर्फ अडकून ट्रिप झालेला क्रशर चार-पाच मिनिटांनी, आतली पट्टी थंड झाली की, स्वतःहून सुरू होतो. बरोब्बर त्याच चार-पाच मिनिटांत माणूस अडकलेला बर्फ काढायला वाकलेला असतो. खटका हँडवर करा. स्क्रू-ड्रायव्हरचं काम आहे.

आता समजा हे सगळं सुधारलं. तरी प्रश्न संपला नाही, कारण आपण ‘बंद’ हा शब्द फार सैल वापरतो. फिरत नाही ते सगळं आपल्या लेखी बंद. मी माझ्या हाताखालच्या पोरांना दोन वेगळे शब्द वापरायला लावायचो. फिरत नाही ते ‘थांबलेलं’. मेन स्विच पाडून, कुलूप लावून, वजन उतरवून, हवा-तेलाचं प्रेशर सोडून, बटण दाबून खात्री केलेलं ते ‘बंद’. थांबलेल्या मशीनमध्ये हात जात नाही. लाल मशरूम बटण दाबलं म्हणजेही नुसतं थांबलेलंच, कारण ते बटण फक्त कंट्रोलची वायर तोडतं, मोटरकडे जाणारा करंट मागे जिवंत असतो.

वजन उतरवण्याचं का म्हटलं? क्रशरमध्ये सव्वाशे-दीडशे किलोची बर्फाची लादी पडते. समजा ती अर्धी फुटून अडकली. वर पन्नास-साठ किलो बर्फ, खाली दाते, मध्ये एक वेडावाकडा तुकडा पाचरीसारखा. लाईट नाही, कुलूप लावलंय, सगळं नियमाने. आणि तुम्ही त्या तुकड्याला हाताने हलवताय. बर्फ वितळतो हो. इतर कारखान्यात अडकलेला माल अडकलेला राहतो, आपल्याकडे तो दर मिनिटाला सैल होत असतो. एका क्षणी तुकडा सुटतो, वरचं वजन खाली येतं आणि ड्रम पाव फेरा फिरतो. बोटाला पाव फेरा पुष्कळ. म्हणून आधी वरची लादी आकडीने बाजूला ओढायची, ड्रमच्या पुलीत लाकडी पाचर ठोकायची, आणि तुकडा काढायचा तोही लांब दांड्याच्या आकडीनेच. नुसतं पाणी मारून वाट बघितली तरी दहा मिनिटांत निम्मं काम होतं, पण धक्क्यावर बोट लागलेली असताना दहा मिनिटं कोणाला असतात?

तुमच्या चेनचंही तेच. तुमचा कन्व्हेयर चढा असणार, क्रशरखालून वर बोटीच्या घसरगुंडीपर्यंत. अशा तिरक्या चेनची लॉक-लिंक, म्हणजे उघडता येणारी कडी, काढली की पट्ट्यांसकट सगळी चेन स्वतःच्या वजनाने खाली पळते. मोटरचा संबंधच नाही. लिंक उघडायच्या आधी चेन दोन्ही बाजूंनी दोराने किंवा चेनपुलीने फ्रेमला बांधायची. आणि चेनची दोन टोकं जवळ आणायला चेन पुलर मिळतो, शिकंज्यासारखा असतो. नसेल तर तारेने ओढा. हाताने ओढून दातेरी चाकावर बसवायची जी आपली पद्धत आहे, तिच्यात बोट नेमकं जिथे चेन चाकावर चढते त्या कोपऱ्यात असतं.

कुलपाबद्दल. जुन्या पॅनेलवर आम्ही किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवायचो. फ्यूज माझ्या खिशात, म्हणजे मशीन माझ्या ताब्यात. बरीच वर्षं मी हे बिनधास्त केलं. एका बर्फाच्या कारखान्यात आम्ही दोघे ब्राइनच्या, म्हणजे टाकीतल्या मिठाच्या पाण्याच्या, ॲजिटेटरचं बेअरिंग बदलत होतो. तीन फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात. ऑपरेटर जेवून आला, त्याने बघितलं ॲजिटेटर फिरत नाही, फ्यूज जागेवर नाहीत. बिचारा कामसू माणूस. शेजारचा पंप बंद होता, त्याचे तीन फ्यूज काढले, इकडे ठोकले आणि बटण दाबलं. माझा जोडीदार त्याच वेळी पाना घ्यायला मागे वळला होता, म्हणून त्याचा हात आज आहे. त्या दिवसापासून मी फ्यूजवर विश्वास ठेवत नाही. फ्यूज काढा, पण त्यावर मेन स्विचच्या हँडलला कुलूपही लावा. बहुतेक आयसोलेटरला, म्हणजे वीज तोडायच्या अशा मेन स्विचला, त्यासाठी भोक दिलेलं असतं. छोट्या एमसीबीला लावायची क्लिप मिळते. कुलूप साधंसुधं चालेल, पण प्रत्येक माणसाचं वेगळं आणि किल्ली एकच. दुसरी किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला टांगली की त्या कुलपाची किंमत शून्य. तिघे जण काम करत असतील तर तीन कुलपं. एकाच भोकात तीन बसत नाहीत, त्यासाठी सहा भोकांची कैचीसारखी पट्टी येते, हॅस्प म्हणतात. तुमच्याकडे जनरेटर आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर चेंजओव्हरचा, म्हणजे महावितरण की जनरेटर हे बदलणाऱ्या स्विचचा, विचार करा. मेनच्या अलीकडे कुलूप आणि जनरेटर पलीकडून जोडलेला, असाही प्रकार पाहिलाय. कुलूप मशीनच्या सगळ्यात जवळच्या आयसोलेटरला हवं, म्हणजे वीज महावितरणची असो की डिझेलची, दोन्ही तिथेच अडतात.

कुलूप लावलं की लगेच आत जायचं नाही. हिरवं बटण दाबून बघायचं. चुकीच्या मशीनचा मेन पाडलेला असणं ही फार सामान्य चूक आहे, विशेषतः पॅनेलवरची नावं पुसली गेली असली की. आणि बटण दाबून झालं की परत लाल दाबायचं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही मान्य करतो. काही कामं मशीन पूर्ण बंद ठेवून होत नाहीत. बेल्ट एका बाजूला सरकतोय, चेन कुठे उडते ते बघायचंय, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायचाय. तिथे गार्ड जागेवर ठेवून लांबून बघायचं, बंद करायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा चालवून बघायचं. वेळ लागतो. बोल्ट गार्डच्या बाहेरून फिरवता येईल असा करून घेतला तर वेळ वाचतो. आणि एक-एक झटका देऊन फिरवायची वेळ आली, तर ज्याचा हात मशीनच्या सगळ्यात जवळ त्याच्याच हातात बटण. दुसऱ्याला ‘दे रे’ म्हणून ओरडून सांगायचं नाही.

ओरडण्यावरून एक गोष्ट सांगतोच, कारण ती आपल्या भाषेची आहे. बर्फाच्या डब्यांची रांग होइस्टने टाकीतून उचलत होतो. एक डबा तिरका झाला म्हणून फिटरने तो टाकीच्या काठावर हाताने सरळ केला आणि होइस्टवाल्याला ओरडून म्हणाला, ‘खाली सोडू नको!’ शेजारी कॉम्प्रेसरची धडधड. होइस्टवाल्याला ऐकू आलं ‘खाली सोड…’ आणि त्याने सोडलं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि गोंगाटात शेवटच आधी बुडतो. ‘चालू करू नको’ हे वीस फुटांवर ‘चालू कर’ होऊन पोचतं. त्या फिटरची नखं गेली, बोटं वाचली. तेव्हापासून आमच्याकडे मशीनवर ‘नको’ हा शब्द बंद. फक्त तीन शब्द: ‘थांब’, ‘वर’, ‘खाली’. आणि ‘थांब’ कोणीही म्हणू शकतो, अगदी चहा घेऊन आलेला पोरगासुद्धा. सोबत हाताची खूण.

माझ्या बोटाची गोष्ट. नव्वदीच्या दशकात एका कंपनीत ब्लोअरचे तीन व्ही-बेल्ट बदलत होतो. कुलूप होतं, बटण दाबून बघितलं होतं, सगळं शिस्तीत. मोटरचे फाउंडेशन बोल्ट गंजलेले, सैल करायला अर्धा तास गेला असता. म्हणून मोटर न सरकवता बेल्ट पुलीच्या कडेवर अर्धा चढवला, डाव्या हाताने बेल्ट खोबणीकडे ढकलला आणि उजव्या हाताने पुली फिरवली. बेल्ट टच्च बसला. माझ्या बोटासकट. फिरवत होतो मीच, मशीनला वीज नव्हती, कोणाची चूक काढायची सोय नाही. तीन बेल्टची पुली जड असते, एकदा गती घेतली की हाताने थांबत नाही. आणि बेल्ट खोबणीत पाचरीसारखा बसतो, बोट त्याला कापायला लागत नाही, चेचलं जातं. व्ही-बेल्ट बदलायची एकच रीत: मोटर रेल्सवर सैल करून पुढे घ्या, बेल्ट हाताने अलगद ठेवा, मोटर मागे ओढा. माझा अर्धा तास वाचला नाही, पेर गेलं.

यातून कोकणातल्या मेंटेनन्सच्या मुळाशी येतो, तो म्हणजे गंज. बोटं जाण्याचे अपघात लक्षात राहतात, पण वर्षभरात सगळ्यात जास्त हात फुटतात ते गंजलेल्या बोल्टवर. पाना घसरतो आणि बोटांची हाडं फ्रेमवर आपटतात. फिक्स पान्याला पाइप लावून माणूस सगळं वजन टाकतो, बोल्ट अचानक तुटतो, माणूस पुढे जातो. छिन्नीचं डोकं फुलासारखं पसरलेलं असतं, त्याची ठिकरी उडते. समुद्राची हवा एका बाजूला आणि ब्राइनचं मीठ दुसऱ्या बाजूला, बोल्ट वर्षाने हलणार कसा? म्हणून काम ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बोल्टना गंज सुटायचं तेल मारून ठेवायचं. फिक्सऐवजी रिंग पाना. पाना शक्यतो आपल्याकडे ओढायचा. ढकलावाच लागला तर मूठ वळायची नाही, तळहाताने ढकलायचा, म्हणजे सुटला तर बोटांची गाठ लोखंडाशी पडत नाही. नवीन बोल्ट बसवताना आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ लावा, पुढच्या वर्षीच्या फिटरचे हात वाचतील. बोल्ट कापायला ग्राइंडर घेतलात तर गार्डसकट. चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढून त्यावर पाच इंची चकती चढवणारे शूरवीर आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. ती चकती त्या वेगासाठी बनलेली असेलच असं नाही.

आणि फ्लँजची, म्हणजे पाइपच्या टोकाच्या जोडचकतीची, भोकं जुळली की नाही ते बोट घालून बघणं! हे मी चांगल्या-चांगल्या फिटरना करताना पाहिलंय. पाइप दोन मिलिमीटर सरकला की भोकाची कात्री होते. टोकदार पोडजर किंवा ड्रिफ्ट, म्हणजे भोकं जुळवायची सळई, घाला. हायड्रॉलिक पाइप गळतोय का ते तळहात फिरवून बघणंही असंच. बारीक चिरीतून उडणारं तेल कातडीतून आत जातं, बाहेर टाचणी टोचल्याएवढं दिसतं, दुखतही नाही, आणि काही तासांत हात आतून सडायला लागतो. ग्रीस गनचंही तसंच. अशी टोचणी झाली तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच तासाला शल्यविशारदाकडे, आणि ‘प्रेशरने तेल आत गेलंय’ हे शब्द सांगायचे. गळती बघायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा.

आता हातमोजे. पान्याचं काम, पत्र्याच्या कडा, तार, बर्फाच्या लाद्या हाताळणं, इथे जरूर द्या. विणलेले, तळव्याला नायट्राइलचा लेप असलेले, हाताला घट्ट बसणारे. मापात घ्या, सगळ्यांना एकच ‘लार्ज’ नको. चांगल्या हातमोज्याच्या पाठीवर हातोड्याचं चित्र आणि ‘ईएन ३८८’ असतं. खालचे चार आकडे क्रमाने घासणं, कापणं, फाटणं आणि भोसकणं यांना तो किती टिकतो ते सांगतात, पुढचं ए ते एफ अक्षर कापण्याबद्दल आणखी नेमकं सांगतं. एफ सगळ्यात वरचं. तुम्हाला सी पुरेल. पण फिरत्या भागाजवळ हातमोजे नकोत. चेन, बेल्ट, शाफ्ट, ड्रिल, लेथ. बोट नुसतं लागलं तर कदाचित कातडं सोलून सुटेल, हातमोजा अडकला तर हात घेऊन जातो. तुमच्याकडे बहुतेक ते ढगळ सुती हातमोजे असणार, ओले होऊन लोंबणारे. ते क्रशरजवळ सरळ बंद करा. अंगठी, कडं, मनगटातला दोरा, लोंबती बाही, यांचंही तेच. देवाचा दोरा काढायला सांगणं अवघड जातं, मला माहीत आहे. आमच्यातले काही जण तो दंडाला बांधायला लागले.

आणि पैसे हातमोज्यांवर घालायच्या आधी क्रशरच्या तोंडावर घाला. पोरगा हात घालू शकतो एवढं तोंड मोकळं असेल तर तो कधीतरी घालणारच. आयएसओ १३८५७ या मानकाचा हिशेब असा की ४० ते १२० मिलिमीटरच्या फटीतून अख्खा हात आत जातो, म्हणून धोक्याची जागा फटीपासून निदान ८५० मिलिमीटर लांब हवी. लादी जायची म्हणजे तुमचं तोंड त्याहून मोठं. तेव्हा लादी ज्या उतारावरून येते तो लांब करा आणि वरून पत्र्याने बंदिस्त करा, की काठावर उभं राहून हात दात्यांपर्यंत पोचूच नये. गावातला वेल्डर दोन दिवसांत करून देईल. चेनच्या चाकांना जाळीचं गार्ड, बोल्टने घट्ट बसवलेलं, हाताने उचलता येणारं नको.

‘ऐकत नाहीत’ म्हणालात. खरं सांगू? धक्क्यावर तीन बोटी लागल्यात, तांडेल (बोटीचा प्रमुख) बर्फासाठी शिव्या घालतोय, भरतीचं पाणी उतरत चाललंय, आणि मालक केबिनमधून विचारतो, ‘काय रे, किती वेळ?’ त्या वेळी कुलूप आणून लावायला कोण जाईल? पोरगा हात घालणार, आणि वर म्हणणार, ‘काय नाय होत ओ.’ त्याच्या जागी विशीतला मी असतो तर मीही घातला असता. तुम्ही एकदा, फक्त एकदा, तांडेलासमोर सांगा की कुलूप लागल्याशिवाय कोणी आत हात घालणार नाही, बोट थांबेल. त्याचा परिणाम दहा बैठकांपेक्षा जास्त होतो. तुमच्याकडे नेपाळी मुलं असतील तर पॅनेलवरच्या पाट्या देवनागरीत करा, त्यांनाही वाचता येतात. इंग्रजी ‘डेंजर’ची पाटी कोणी वाचत नाही. आणि देखभालीचं मोठं काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत काढून ठेवा. त्या दोन महिन्यांत घाई नसते, मात्र लाईट सतत जा-ये करते, म्हणून कुलपाची गरज तेव्हाच जास्त.

कायदा थोडक्यात. चालू यंत्राजवळ काम करायचं तर ते फक्त खास प्रशिक्षण घेतलेल्या, नाव रजिस्टरला नोंदवलेल्या आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने करायचं, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्ये पहिल्यापासून होतं. त्यात चालत्या पुलीवर हाताळायच्या बेल्टची रुंदीसुद्धा १५ सेंटिमीटरपर्यंतच ठरवून दिली होती. आता नवी कामगार संहिता आली म्हणून यंत्राचा स्वभाव बदलला नाही. भरपाईचं म्हणाल तर १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतली घट अशी धरली होती: अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची दोन बोटं २०. तुमच्या हेल्परला ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर त्याचे कागद आजच पुरे करा. नसेल तर भरपाई तुमच्या अंगावर आहे आणि ती द्यायलाच हवी. ‘निष्काळजीपणा त्याचा’ हे वाक्य कागदावर लिहू नका. स्टार्टर तुमचा होता.

एक गोष्ट तुमच्या कारखान्यापुरती फार महत्त्वाची. पुन्हा असं घडू नये, पण घडलं तर बर्फाच्या कारखान्यात प्रत्येकाच्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती तुटलेलं बोट बर्फात टाकायची. थेट बर्फात टाकायचं नाही, पाण्यातही बुडवायचं नाही. थेट बर्फाने पेशी गोठून मरतात, मग जोडता येत नाही. बोट स्वच्छ, सलाइनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. असं थंड ठेवलेलं बोट बारा तासांहून अधिक टिकू शकतं, कारण बोटात स्नायू नसतात. चेंगरलेलं दिसलं तरी टाकून देऊ नका, जोडायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा. हळद, चहापावडर, पाल्याचा रस काही लावायचं नाही, त्याला खायला-प्यायला द्यायचं नाही. त्या हातातल्या बाकीच्या अंगठ्या सूज यायच्या आत काढा. अपघात किती वाजता झाला ते त्याच्या हातावर पेनाने लिहा. १०८ ला फोन करा, आणि निघण्यापूर्वी बोटं जोडणारा सर्जन आज कुठे हजर आहे ते फोनवर विचारा. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर आहे. पावसाळ्यात घाट चालू आहे ना तेही त्याच फोनवर विचारा. गॉझ, सलाइनची बाटली आणि झाकणाचा डबा असा संच पॅनेलजवळ टांगून ठेवा. त्याला दोनशे रुपयेही लागत नाहीत.

आता मेन पाडून परत टाकल्यावर क्रशर फिरला की नाही, तेवढं मला कळवा. फिरला तर स्टार्टरचं झाकण काढून आतला फोटो पाठवा, वायर कुठली काढायची ते मी दाखवतो. पण झाकण काढण्याआधी मेनला कुलूप.